बोजारा आणि बक्षिसी

देणें हें घेण्याहून सोपें, असें आपण लहानपणापासून समजत आलों आहों. घेणाऱ्याचा हात खालीं, देणाऱ्याचा वर. तेव्हां संकोच व्हावयाचा तर तो घेणाऱ्यास व्हावा, देणाऱ्यानें निश्चिंत असावें, असा सर्वसाधारण समज आहे. ज्यास हा समज खरा वाटत असेल त्यानें एकदां सहलीच्या जहाजावर चार रात्री काढून पाहाव्या.

वर्ध्याहून समुद्र फार दूर. मुंबईचें बंदर गांठावयाचें तर साडेसातशें किलोमीटरांहून अधिक रेल्वेप्रवास करावा लागतो. तरी अलीकडे आमच्या जिल्ह्यांतील मध्यमवर्गीय घरांतून, मुलें परगांवीं नोकरीस लागलीं कीं आईबापांस जलपर्यटनास पाठविण्याची रीत पडूं लागली आहे. कांहीं वर्षांमागें आम्हांसहि सिंगापुराहून निघणाऱ्या एका जहाजावर जाण्याचा योग आला. जहाजाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. येथें जो दोष सांगावयाचा आहे तो आमचा आहे.

अशा जहाजांवर प्रवासभाड्याखेरीज प्रत्येक प्रवाशामागें दररोज ठरावीक रक्कम बक्षिशीदाखल खात्यावर चढते. जगांतील बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती माणशीं रोज दहा ते वीस अमेरिकन डॉलरांच्या दरम्यान असते. आमच्या जहाजावर अशी सोय होती कीं, प्रवाशास पसंत नसल्यास स्वागतकक्षांत जाऊन ती रक्कम त्यानें काढून टाकवावी. तिसऱ्या दिवशीं आम्हीं नेमकें तेंच केलें. जेवणाच्या टेबलावरील एक वाढपी, आमच्या पत्नीनें शाकाहारी पदार्थांविषयीं दुसऱ्यांदा विचारलें असतां, तिच्याशीं तुटकपणें बोलला होता. सेवा समाधानकारक नाहीं, मग तिचें बक्षीस कां द्यावें, हा आमचा युक्तिवाद. स्वागतकक्षांतील मुलीनें कांहीं न विचारतां आंकडा पुसला, आणि एका अन्यायाचें परिमार्जन केल्याच्या समाधानांत आम्ही वरच्या डेकवर वारा खाण्यास गेलों.

आमची खोली आवरणारा तरुण रत्नागिरीकडला होता. मराठी बोलावयास मिळाल्यामुळें तो आमच्याशीं मोकळा झाला होता. त्याच संध्याकाळीं बोलतां बोलतां त्या वाढप्याची गोष्ट निघाली व आपण काय केलें तें आम्हीं त्यास, कांहींशा अभिमानानेंच, सांगितलें. तो चादरीची घडी घालीत होता. ती पुरी करून तो म्हणाला, "काका, तो पैसा त्या एकट्याचा नसतो. सगळ्यांचा मिळून असतो. खालीं धुलाईखान्यांत माणसं आहेत, भांडीं घासणारे आहेत. ते तर तुम्हांला दिसणारहि नाहींत."

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, स्वतःविषयीं सूचना नव्हती. म्हणूनच तें अधिक लागलें. एका माणसाच्या आवाजांतील तुटकपणाबद्दल आम्हीं दंड केला होता तो आम्हांस कधींहि न दिसणाऱ्या माणसांस. आणि तो तुटकपणा तरी कशाचा होता? समुद्रावरील कामगारांसाठीं जो आंतरराष्ट्रीय करार २००६ सालीं झाला, २०१३ सालीं अंमलांत आला व २०१५ सालीं भारतानें मान्य केला, त्यांत कामाच्या तासांची कमाल मर्यादा आठवड्यास ७२ तास अशी घातलेली आहे. बहात्तर तास म्हणजे रविवार धरून दररोज दहा तासांहून अधिक. घरीं सलग दोन दिवस पाहुणे आले तर तिसऱ्या दिवशीं आमचा आवाज कसा होतो, हें आमच्या घरचीं माणसें सांगतील.

किती द्यावें, केव्हां द्यावें, पाकिटांत घालून कीं उघड, हे शिष्टाचाराचे प्रश्न कोणत्याहि प्रवासपुस्तिकेंत सुटतात. आम्हांस त्या रात्रीं जो प्रश्न पडला तो निराळा. आपण हें जें देतों तें आहे तरी काय? दान, बक्षीस, कीं वेतन?

मराठींत या देण्यास नांवें पुष्कळ आहेत. दिवाळीची पोस्त, चहापाणी, चिरीमिरी, खुशाली, बक्षिसी. चिरीमिरी म्हटलें कीं काम अडवून बसलेला कारकून डोळ्यांपुढें येतो. पोस्तीच्या मागें सण उभा असतो. बक्षीस हा शब्द फारशींतून आला, आणि तेथें त्याच्या मूळ धातूंत देणें व क्षमा करणें हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे बक्षीस देतो तो धनी, आणि ती त्याच्या मर्जीची खूण. दान म्हणावें तर गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत त्यांत परतफेडीची अपेक्षा नसणें हें एक मुख्य लक्षण आहे, आणि आपली टिप त्या कसोटीस क्षणभरहि उतरत नाहीं. वेतन म्हणावें तर वेतन काम करण्यापूर्वीं ठरतें व तें मागण्याचा हक्क असतो. येथें दोहोंपैकीं एकहि नाहीं. २०१६ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें प्राप्तिकराच्या एका वादांत, हॉटेलांतील नोकरांस गिऱ्हाइकांकडून मिळणारी टिप हा मालकानें दिलेला पगार नव्हे, असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबरच असेल. पण ज्याच्या घरचा किराणा त्याच पैशांतून भरतो, त्यानें हा भेद घरीं कसा समजावून सांगावा?

आमच्या भागांत याहून निराळें असें एक देणें आहे. पोळ्याच्या दिवशीं बैल सजवून तोरणाखालीं उभे करतात. पोळा फुटला कीं सालदार बैलजोडी घेऊन घरोघर जातो. घरची बाई बैलांच्या पायांवर पाणी घालते, पूजा करते, पुरणपोळी चारते आणि सालदाराच्या हातावर बोजारा ठेवते. दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा. लहान मुलें लाकडी बैल ओढीत दारोदार फिरतात व त्यांसहि बोजारा मिळतो. आमच्या जिल्ह्यांतील सिंदी रेल्वे हें गांव तान्ह्या पोळ्याकरितां प्रसिद्ध आहे. तेथील मोठमोठे लाकडी नंदी पाहावयास दूरदूरचे लोक येतात. बोजारा घेतांना कुणाची मान खालीं गेलेली आम्हीं पाहिली नाहीं. वकिलाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा, दोघेहि तो सारख्याच आनंदानें मुठींत घेतात. जें सारेच घेतात त्यांत लाचारी उरत नाहीं, हें याचें एक कारण असावें. परंतु खरें कारण आम्हांस असें वाटतें कीं, बोजाऱ्यावर कुणाची चूल अवलंबून नसते. सालदाराचें साल पाडव्यास ठरलेलें असतें. बैलानें शिंग उगारलें म्हणून बोजारा कुणी परत घेत नाहीं.

अर्थात् याच पाडव्यास सालाच्या रकमेवरून दोन दोन दिवस घासाघीस करणारा शेतकरी पोळ्याच्या दिवशीं हात सैल सोडतो, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. उदारपणास सण लागतो, प्रेक्षक लागतात. कराराच्या वेळीं तो कोठें जातो कोण जाणे. आणि जुन्या बलुतेदारीचे गोडवे गाणाऱ्यांनीं हें विसरूं नये कीं, सुतार-लोहारांस धान्याचा वांटा मिळे तेव्हां गांवकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या पदरांत हक्काच्या नांवाखालीं शिळ्या भाकरी पडत. देण्याची रीत गोड आहे म्हणून तिच्यांत न्याय आहे असें होत नाहीं.

जहाजांवरील बक्षिशीची रीत आज ज्या स्वरूपांत आढळते ती बव्हंशीं अमेरिकेची आहे, आणि तिचा तेथील इतिहास फारसा गोड नाहीं. १८६५ सालीं यादवी युद्ध संपून गुलाम मुक्त झाले. त्यानंतर पुलमन कंपनीनें आपल्या शयनगाड्यांवर नोकर म्हणून नेमले ते मुख्यतः कृष्णवर्णीय. त्यांस पगार तुटपुंजा दिला आणि उरलेलें उतारूंच्या मर्जीवर सोडलें. सारी रात्र जागावयाचें, बूट पुसावयाचे, आणि सकाळीं उतारूच्या खिशाकडे हंसतमुखानें पाहावयाचें. १९०९ पासून तेथील कांहीं संस्थानांनीं बक्षिशी देण्यास कायद्यानें बंदीहि केली. पण १९२६ पर्यंत असे सारे कायदे रद्द होऊन गेले. शेवटीं त्या नोकरांनींच १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखालीं आपला संघ स्थापिला आणि बारा वर्षें झगडून १९३७ सालीं कंपनीशीं करार केला. पगाराची वाढ आणि कामाच्या तासांत घट हीं त्या करारांतील मोठीं कलमें होतीं. तथापि रीत मेली नाहीं. टिप मिळविणाऱ्या नोकरास मालकानें द्यावयाचें किमान वेतन तेथील मध्यवर्ती कायद्यांत १९९१ पासून ताशीं २.१३ डॉलर एवढेंच राहिलें आहे. टिप धरूनहि सर्वसाधारण किमान वेतन भरलें नाहीं तर फरक मालकानें द्यावा, असें तो कायदा म्हणतो. पण मालकाकडे जाऊन फरक मागणारा नोकर किती दिवस नोकरींत राहील, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

आपल्याकडे वाद उलट बाजूनें आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें उपाहारगृहांस बजाविलें कीं, सेवाशुल्क बिलांत आपोआप लावूं नये, तें ऐच्छिक आहे असें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावें. दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें हें मार्गदर्शन उचलून धरलें. ही बातमी वाचून ग्राहक या नात्यानें आम्ही खूष झालों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. न मागतां घेतलेला पैसा कुणासहि खुपतो. परंतु त्या बातमींत वाढपी कोठेंच नव्हता. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यांतील तो वाद. मधल्या माणसाचें पोट कोणत्या रकान्यांत लिहावयाचें, हें कुणी विचारलें नाहीं.

हा प्रश्न आमच्याच गांवीं एकदां स्पष्टपणें विचारला गेला होता. १९३५ सालीं गांधीजी वर्ध्यास मगनवाडींत राहत होते. खादी स्वस्त व्हावी म्हणून कांतणाऱ्या बायकांस जी अल्प मजुरी मिळे, ती त्यांस डाचूं लागली. आठ तासांच्या चांगल्या कामास आठ आणे मिळाले पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें होतें. खादी महाग होईल, गिऱ्हाईक जाईल, असे आक्षेप आले. तरी त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत चरखा संघानें वर्ध्याच्या बैठकींत, कांतणारीस तिच्या अन्नवस्त्रास पुरेल एवढी किमान मजुरी दिली पाहिजे, हें तत्त्व ठरावानें मान्य केलें. प्रत्यक्ष दर आठ आण्यांपर्यंत पोंचले नाहींत. पण आम्हांस त्यांतील विचार मोलाचा वाटतो तो असा: खादी घेणाऱ्यानें कांतणारीवर दया करावी असें कुणी म्हटलें नाहीं, किंमत वाढविली आणि ती पुरी द्या म्हटलें. गिऱ्हाइकाचें समाधान झालें कीं नाहीं, कांतणारी हंसली कीं नाहीं, याचा मजुरीशीं संबंध ठेविला नाहीं.

पुढें सेवाग्रामच्या आश्रमांत याहून पलीकडचें उत्तर होतें: पायखान्यापासून सारें काम ज्याचें त्यानेंच करावें, म्हणजे देण्याघेण्याचा प्रश्नच राहत नाहीं. त्या उत्तराविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु जो मनुष्य पैसे भरून जहाजावर दुसऱ्याकडून चादरी घालून घेतो त्यानें तें तोंडांत घेऊं नये.

कुणी म्हणतील, टिप निश्चित झाली तर सेवेंत हयगय होईल. आम्हांस हें पटत नाहीं. शस्त्रक्रियेनंतरच्या बक्षिशीवर डोळा ठेवून डॉक्टर टांके घालीत नाहीं. पोस्टमन दिवाळीस पोस्त मागतो खरा, पण अकरा महिने पत्रें पोस्तीवांचूनच येतात. आणि भीतीनें ओठांवर आणलेलें हास्य हीच जर उत्तम सेवा, तर ती आपणांस हवी आहे का, याचाहि एकदां विचार करावा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं स्वागतकक्षांत जाऊन ती रक्कम पुन्हां चढवावयास सांगितली. त्याच मुलीनें, त्याच चेहऱ्यानें, ती चढविली. उतरण्यापूर्वीं वर्ध्याहून नेलेल्या गोरसपाकाचा एक उरलेला पुडा त्या रत्नागिरीच्या तरुणास दिला. त्यानें तो तेथेंच फोडला आणि पहिला तुकडा आमच्यापुढें धरला.

घरीं परतल्यावर एक हिशेब चुकविणें भाग होतें. आमच्या येथें भांडीं-धुणीं करणाऱ्या बाईस दर दिवाळीस पातळ व एका महिन्याचा पगार आम्ही न चुकतां देत आलों होतों, आणि त्याचा उल्लेख चारचौघांत करीतहि होतों. तिचा दरमहाचा पगार मात्र तीन वर्षांत वाढविलेला नव्हता. तो आतां वाढविला. आणि आमच्या नव्या तत्त्वज्ञानाच्या भरांत, हक्काचें दिल्यावर मर्जीचें कशास, असें म्हणून दिवाळीचें देणें बंद करण्याचा बेत पत्नीकरवीं तिच्या कानांवर घातला. बाईनें हातांतलें पातेलें खालीं ठेविलें.

"पगार तं कामाचा झाला, काकू," ती म्हणाली, "दिवाळी कायले कापता?"

त्या वर्षीं पातळ निवडावयास पत्नी तिलाच बरोबर घेऊन दुकानांत गेली. तिनें हिरव्या रंगाचें निवडलें.