नजरेआडची बचावफळी

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, दर वसंतात कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी होते. या वाटणीला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी, विजेत्याला शेवटची, अशा सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतल्या मुलांवर महिनोन्‌महिने चर्चा झडलेली असते. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत सभागृह रिकामं होत येतं. तरीही याच फेऱ्यांतून, आणि कधी कोणीच न निवडलेल्यांतून, या खेळातले काही थोर बचावपटू निघाले. त्याचं श्रेय एखाद्या पारखी नजरेला देऊन आपण मोकळे होतो. पण या निवडींचा इतिहास क्रमाने पाहिला की मला त्यात वेगळंच काही दिसतं: त्या त्या काळी बाकीच्या संघांना काय दिसत नव्हतं, याची ती नोंद आहे.

सुरुवातीला अडचण साध्या माहितीची होती. 1936च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा फळ्यावर नव्वद नावं लिहिलेली होती. खेळाडू पाहायला माणसं पाठवण्याची पद्धत नव्हती. न्यूयॉर्क जायंट्सचे वेलिंग्टन मारा गावोगावची वर्तमानपत्रं मागवून वाचत, एवढ्यानेही ते इतरांच्या पुढे राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस रॅम्सने एडी कोटल यांना पूर्णवेळ खेळाडू पाहण्याच्या कामावर फिरतं ठेवलं, तेव्हा ती नवलाई होती. तोवर ड्राफ्टच्या तीस-तीस फेऱ्या होऊ लागल्या होत्या, तरी माणसं निसटतच होती. 1952 मध्ये डिक लेन नावाचा तरुण विमानाच्या कारखान्यातलं तेलकट पत्रे उचलण्याचं काम सोडून, कात्रणांची वही घेऊन रॅम्सच्या कचेरीत आला. त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं. आला होता आक्रमणात खेळायला. प्रशिक्षकांनी बचावात उभं केलं. त्या हंगामातल्या बारा सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्यांचे 14 पास मधेच झेलले. आता हंगाम सतरा सामन्यांचा झाला, तरी तो विक्रम अजून उभा आहे.

लेन कृष्णवर्णीय होता, आणि इथे माहितीची अडचण हे कारण अपुरं पडतं. 1934 ते 1945 या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. दारं उघडल्यावरही दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांकडे बहुतेक संघ फिरकत नसत. डीकन जोन्स 1961 मध्ये चौदाव्या फेरीत रॅम्सकडे गेला, तोसुद्धा दुसऱ्याच खेळाडूची फिल्म पाहताना हा अवाढव्य, तरी सगळ्यांना पळण्यात मागे टाकणारा गडी डोळ्यांत भरला म्हणून. एवढा मोठा खेळाडू योगायोगाने हाती लागावा, यात रॅम्सचं कौतुक आहेच; पण एकूण व्यवस्थेची लाजही आहे.

हा आंधळेपणा जाणीवपूर्वक मोडणाऱ्यांत मला बिल नन सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. ते ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्रात क्रीडा पत्रकार होते आणि दरवर्षी कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंचा संघ निवडून छापत. गावातलाच पिट्सबर्ग स्टीलर्स संघ या यादीची दखल घेत नाही, ही त्यांची उघड नाराजी होती. ती ऐकून संघाच्या मालक घराण्यातल्या डॅन रूनी यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांनाच कामावर घेतलं. नन यांच्याजवळ गुप्त विद्या नव्हती. त्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. 1969 मध्ये आर्कान्सा एएम अँड एनचा एल. सी. ग्रीनवूड दहाव्या फेरीत आला, 1971 मध्ये टेक्सस सदर्नचा अर्नी होम्स आठव्या फेरीत. 1974 मध्ये सतरा फेऱ्या संपल्या तरी साउथ कॅरोलायना स्टेटच्या डॉनी शेलचं नाव कोणी घेतलं नाही; तो स्टीलर्सकडे आला आणि त्याने कारकिर्दीत 51 पास पळवले. त्या बचावाच्या जोरावर संघाने सहा हंगामांत चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकल्या. नन यांची यादी वर्तमानपत्रात छापून येत होती, चार पैशांत कोणालाही वाचता येत होती. हे मला पुन्हा पुन्हा थक्क करतं.

त्याच सुमारास डॅलस काउबॉइज दुसऱ्या वाटेने निघाले होते. त्यांनी आयबीएमच्या मदतीने खेळाडूंची प्रतवारी संगणकावर मांडली. ती गणितं बसवणारे सलाम कुरेशी अलीगढला शिकलेले संख्याशास्त्रज्ञ होते आणि अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा आधी काही संबंध नव्हता. स्वभाव, चपळाई, ईर्षा, बुद्धीची तल्लखता, ताकद, अशा गुणांना आकडे देऊन निरीक्षकांच्या शेऱ्यांमधला पक्षपात गाळायचा, असा तो प्रयत्न होता. विचार उमदा होता. पण मोजमापाची चटक लागली की जे मोजता येतं तेच खरं वाटू लागतं. 1980च्या दशकात सगळ्या संघांसमोर एकत्र चाचण्या सुरू झाल्या आणि चाळीस यार्डांची धाव म्हणजे जणू जन्मपत्रिका ठरली. एव्हर्सन वॉल्स 1981 मध्ये बारा फेऱ्यांत निवडला गेला नाही, कारण घड्याळ त्याला मंद म्हणत होतं. काउबॉइजनेच त्याला ड्राफ्टनंतर घेतलं, आणि पहिल्याच हंगामात 11 पास पळवून तो लीगमध्ये अव्वल ठरला. पाच फूट नऊ इंचांचा सॅम मिल्स दुसऱ्या एका लीगमधून फिरून 1986 मध्ये न्यू ऑर्लिन्सला पोचला. दोघांचं बळ एकाच गोष्टीत होतं: समोरच्याच्या हालचालीवरून चेंडू कुठे जाणार हे ते लवकर ओळखत.

बचावातच असे खेळाडू जास्त का सापडावेत, याचं उत्तर मला इथे मिळतं. आक्रमणाला डाव ठाऊक असतो. बचावाला तो वाचावा लागतो. आणि ही वाचनशक्ती मोकळ्या मैदानावर एकट्याने पळताना दिसत नाही.

पुढचा टप्पा सिअॅटलच्या संघाचा. तिथले प्रशिक्षक पीट कॅरल आणि सरव्यवस्थापक जॉन श्नायडर यांनी सर्वांत चांगला कोण हे विचारणं सोडून आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवलं. त्यांच्या बचावात मागच्या फळीतले खेळाडू उंच आणि लांब हातांचे हवे होते. बाकीचे संघ तिथे छोटे, चटकन वळणारे खेळाडू शोधत होते. 2010 मध्ये कॅम चॅन्सलर आणि 2011 मध्ये रिचर्ड शर्मन, दोघेही पाचव्या फेरीत मिळाले. शर्मन 154वा होता. 2012 पासून सलग चार हंगाम सिअॅटलने सगळ्यांत कमी गुण दिले.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी दाखवून दिलं की संघ आपल्या पारखीवर वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात आणि वरच्या निवडींची अवाजवी किंमत मोजतात. मला ते पटतं. मात्र त्यावरून सगळं नशिबावर सोडणं पटत नाही, कारण निवडीनंतर काय होतं हे या हिशेबांत फारसं येत नाही. रिचर्ड डेंट 1983 मध्ये आठव्या फेरीत शिकागो बेअर्सकडे आला तेव्हा दातांच्या दुखण्यामुळे त्याला नीट जेवता येत नव्हतं, वजन वाढत नव्हतं. संघाने त्याचे दात दुरुस्त करून घेतले, आणि जानेवारी 1986च्या सुपर बोलमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. जेम्स हॅरिसनला तर स्टीलर्सनेच एकाहून अधिक वेळा काढून टाकलं होतं. 2008 मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. आज प्रत्येक कॉलेजची चित्रफीत प्रत्येक संघाकडे असते, कृष्णवर्णीयांची कॉलेजं कोणाला अनोळखी नाहीत. आता संघासंघांत फरक पडायचाच असेल तर तो सहाव्या फेरीतल्या मुलाला ते किती दिवस, किती शिक्षकांसह आणि किती पोटभर जेवण देऊन ठेवतात यात पडेल. आणि बहुतेक संघ त्याला हंगाम सुरू होण्याआधीच, ऑगस्ट संपताना, घरी पाठवतात.