त्यांचा हात लागू द्या

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या घरांत पातोळ्या होतात. हळदीच्या पानावर तांदळाचं वाटलेलं पीठ पसरायचं. गूळ-खोबऱ्याचं चूण भरायचं. पान दुमडून उकडायचं. चिमुकल्यांनाही हे जमतं. त्यांचा हात लागू द्या. पीठ जाड होईल, चूण बाहेर येईल. येऊ दे. आपण घाईपोटी मुलांना बाजूला सारतो आणि ती मोबाईलकडे वळली की रागावतो. हे बरं नव्हे. पातोळ्या उकडेपर्यंत गोष्टीचं पुस्तक उघडा. पान उलटायला त्यांचाच हात लागू द्या. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घड, कवंडळाची रानफळं बांधताना एक गाठ त्यांनाही मारू द्या. सैल वाटली तरी सोडू नका. तिच्यावर आपली एक गाठ मारा.