पाऊल फाडायचं का?

(वसमत. ऊसतोडीचा हंगाम. ट्रॉलीचं चाक पावलावरून गेलेला मजूर आत खाटेवर आहे. बाहेर थोरले अस्थिरोगतज्ज्ञ आणि नुकतीच रुजू झालेली डॉक्टर.)

ती : हाडं दोनच मोडलीत सर, पण इंजेक्शन देऊनही ओरडतोय. बोटं नुसती वर उचलली तर किंचाळला. नाडी मात्र लागते.

सर : नाडी जाते ती सगळ्यात शेवटी. स्नायूंवरचं आवरण ताणलं जात नाही. आत रक्त साचलं की बारीक वाहिन्या मिटतात. धमनी वाहत असते नि स्नायू मरत असतो. दाब मोजलास?

ती : सुई, सलाइनची नळी आणि पाऱ्याचं बीपी यंत्र जोडून. व्हाइटसाइड्सची 1975 ची रीत. खालचं बीपी 70, पावलात 45.

सर : फरक 30 च्या आत, म्हणजे धोका. पाय उशीवर ठेवलाय? काढ ती. छातीच्या पातळीला असू दे, उंच पायात रक्त आणखी कमी चढतं.

ती : पोटरी असती तर आवरण फाडायला मी थांबलेच नसते. पावलाबाबत जाणकारांचंच जमत नाही. 1990 मध्ये मनोली आणि वेबर यांनी पावलात नऊ कप्पे सांगितले. ते मोकळे करायचे तर वर दोन चिरा, आतल्या बाजूला एक. मग उघड्या जखमा, पू होण्याची धास्ती, पुढे कातडी लावणं. काही सर्जन म्हणतात, फाडू नका. बोटं वाकडी झाली तर नंतर सरळ करू.

सर : नंतर म्हणजे कधी? हंगाम संपला की टोळी गावाकडे जाणार. तो 'नंतर' परत येणाऱ्या पेशंटसाठी लिहिलाय.

ती : आणि उघडी जखम घेऊन तो पालावर कसा राहील? उचल अंगावर आहे.

सर : म्हणजे फाडलं तरी मरण, नाही फाडलं तरी.

ती : मग त्यालाच विचारू.

सर : या कळेत तो 'पायच तोडा' म्हणेल. त्याला संमती म्हणशील?

ती : कळ पुरती उतरवली तर खूण जाईल, म्हणून हात राखून औषध दिलं.

सर : दाब कळल्यावर त्याला कशाला कण्हत ठेवतेस? दे औषध, पण गुंगी येऊ देऊ नकोस. चाक जाऊन चार तास होत आलेत, थिएटर तयार ठेव. मी फाडण्याच्या बाजूचा आहे, हेही त्याला सांग. बायकोलाही बोलाव, कोयता दोघांचा असतो. आणि कातडी लावायला नांदेडला जावं लागेल, ते गाडीभाडं आत्ताच हिशेबात धर.