प्रेक्षक आणि शेजारी
शेजारी सुतक असता दूरच्या क्रीडांगणावरील विजयाने हर्ष मानणे न्याय्य आहे काय? २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. दुसऱ्याच दिवशी टोकियोस ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. २४ तारखेस मीराबाई चानू यांनी भारोत्तोलनात रौप्यपदक मिळविले आणि दूरचित्रवाणीपुढे बसलेला देश आनंदला. त्या आनंदात आम्हांस पाप दिसत नाही; खेळ पाहणाराजवळ डोळ्यांखेरीज काही मागत नाही. परंतु त्याच पडद्यावर तळियेही दिसत होते, आणि दुःख हात मागते. विजयाप्रमाणे विपत्तीही नुसती पाहून जो स्वस्थ बसला, तो प्रेक्षकच राहिला. शेजारी झाला नाही.