मोहरीची पुरचुंडी

परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं आणि त्याच्या आसपास पेशंटांच्या मुक्कामाच्या जागा होत गेल्या. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, ट्रस्टांच्या खोल्या आहेत, आणि जिथे काहीच मिळत नाही तिथे फूटपाथ आहे. या गोष्टीतली धर्मशाळा अशीच एक. नाव-गाव फाईलवर असतं खरं, पण तिथल्या बायका एकमेकींना हाक मारतात ती फक्त गावाने. "ए चाळीसगाव, तुझा नंबर लागला का?" "परभणी, दूध आलंय गं."

दुसऱ्या मजल्यावर लांबलचक गॅलरी आहे. तिथे दुपारी कपडे वाळतात आणि बायका भिंत चढतात. छाती काढल्यावर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. म्हणून फिजिओथेरपीवाली बाई सांगते, भिंतीसमोर उभ्या राहा, बोटांनी चढत चढत हात वर न्या आणि कालच्यापेक्षा थोडं वर थांबा. जिथे बोट पोचेल तिथे पेन्सिलीची रेघ आणि शेजारी गावाचं नाव. त्या भिंतीवर खालून वर "जालना, जालना, जालना" असं लिहिलेलं आहे. वाशिमच्या दोन रेघा एकाच उंचीवर आहेत. त्या दिवशी तिला ताप होता.

या गॅलरीच्या कारभारीण म्हणजे बार्शीच्या आक्का. सहा वर्षांपूर्वी त्यांची डावी छाती काढली. आता धाकट्या जावेला घेऊन आल्या होत्या. ऑपरेशननंतर जखमेतून येणारं पाणी साठवायला नळी आणि बाटली लावून देतात. ती हातात धरून चालायचं म्हणजे बाईला ना पदर सावरता येतो ना संडासला जाता येतं. आक्का जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवायच्या, गळ्यात अडकवायच्या, बाटली बरोबर बसेल अशा. रोज किती पाणी आलं ते वहीत लिहायचं, तीस मिलीच्या खाली आलं की साधारण नळी निघते, त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, घट्ट बांगडी नको, हे सगळं त्या नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या होत. ओपीडीत हेच सांगतात, पण घाईत. २०२२ या एका वर्षात देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे एक लाख ब्याण्णव हजार नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. त्यात डॉक्टर एका बाईच्या वाट्याला किती मिनिटं देणार?

दुसरी संगमनेर. पतसंस्थेत काउंटरवर नोकरीला. वय चाळिशीच्या आतलं. छाती काढली त्याच ऑपरेशनमध्ये तिच्या पोटाचं मांस आणि चरबी घेऊन डॉक्टरांनी नवी छाती घडवली होती, म्हणजे रिकन्स्ट्रक्शन. आता दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनला यायची, काही दिवस राहायची. आली की डाळिंबं आणायची आणि नव्या बायकांना केस गळण्यापासून तोंड येण्यापर्यंत सगळं समजावून सांगायची. आक्का आणि ती, दोघींनी मिळून कितीतरी जणींना धीर दिला होता. पुढे जे झालं ते या दोन चांगल्या बायकांमुळेच झालं, हे आधी सांगून ठेवतो.

नाशिक आली तेव्हा जून संपत आला होता. सातपूरला एका कारखान्यात पार्ट तपासायची नोकरी, वय एकतीस, अंगाने काडी, डोक्याला ओढणी. किमो संपलेले. सोबत वडील, ते दिवसभर खाली बाकावर बसून पेपर वाचत, एकच पेपर. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की गाठ आटली आहे, तरी पूर्ण छाती काढावी लागेल, नंतर रेडिएशनचे शेक द्यावे लागतील. आणि जाता जाता विचारलं होतं, "रिकन्स्ट्रक्शन करायचं का? पुढच्या तारखेला सांगा."

तिने हा प्रश्न गॅलरीत आणला.

"काय करायचंय?" आक्का म्हणाल्या. "एक कापणं कमी हाय व्हय, म्हणून दुसरं? माझ्याकडं बघ. सहा वर्षं झाली. काय अडलं माझं?" आणि त्यांनी ब्लाउजात हात घालून मऊ सुती कापडाची पुरचुंडी काढून दाखवली. आत मोहरी. कापूस भरला की हलका होतो, वर सरकतो. मोहरीला वजन असतं, ती जागेवर बसते, अंगाचा आकार धरते. नाशिकने पुरचुंडी हातात घेऊन तोलून पाहिली.

संगमनेरने तिला बाजूला घेतलं. "आक्कांचं वय झालं. तुझं अख्खं आयुष्य जायचंय. कर तू. मी केलं, आज कोणी ओळखत तरी का?"

पुढचे चार दिवस हेच. भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान मिटलं असतं. आक्का चहा देता देता एक वाक्य टाकायच्या, संगमनेर रात्री झोपताना दुसरं. एकीने ऑपरेशन बिघडलेल्या कुणा बाईची गोष्ट आणली, दुसरीने ऑपरेशन न केल्यामुळे खचलेल्या कुणा बाईची. दोन्ही बायका कुणीच पाहिलेल्या नव्हत्या. जालन्यासकट सगळी गॅलरी दोन तटांत वाटली गेली. मधल्यामध्ये थट्टाही चालायची. "पोटाचं मांस घ्यायचं तर हिच्या पोटावर आहे काय?" असं कोणीतरी म्हटलं, तशी आक्कांनी स्वतःचं पोट थोपटलं, "घे की माझं, लागंल तेवढं!" त्यावर संगमनेर म्हणाली, "नाही चालत आक्का. माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, दुसऱ्याचं मांस शरीर धरत नाही. ज्याचं त्यालाच लागतं." सगळ्या हसल्या. नाशिकही हसली.

पाचव्या दिवसापासून ती गॅलरीत यायची बंद झाली. खाली वडिलांच्या शेजारी बाकावर बसू लागली. आक्कांनी चहा पाठवला, तो तसाच परत आला.

"ताठा हाय पोरीला," आक्का म्हणाल्या.

"घाबरलीय," संगमनेर म्हणाली.

कोपऱ्यात मालवणची वहिनी बसली होती. तिची फक्त गाठ काढली होती, छाती राहिली होती, आता शेक चालू होते. गळ्याखालची कातडी काळी पडली होती. आपली छाती वाचली, इथे आपण काय बोलणार, म्हणून ती महिनाभर कधी चार शब्दांच्या वर बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"त्या चेडवाचो जीव कित्याक खातास? ती काय करतली ता तिका बघू दे. तुमी दोघी तिचा बघूकच नाय. दोघींकय आपलोच निकाल लावन होयो."

गॅलरीत कोणी काही बोलेना. आक्कांनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो काही ओवला जाईना.

खरं तर यातून गेलेल्या बाईने दुसरीला काय आणि किती सांगायचं, ही जुनीच अडचण. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली टेरेस लासर नावाच्या बाईंची छाती काढली, आणि पुढे कसं जगायचं हे त्यांना कुणी सांगेना. मग त्या स्वतःच ऑपरेशन झालेल्या बायकांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. सोबत व्यायामाला रबरी चेंडू आणि दोरी, आणि ब्लाउजात घालायला तात्पुरता मऊ आकार. डॉक्टरांना ते सुरुवातीला फारसं रुचलं नाही. 'रीच टू रिकव्हरी' या नावाचं हे काम १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपलं मानलं आणि नंतर ते देशोदेशी गेलं. त्यात भेटायला जाणाऱ्या बाईला एक बंधन असतं: तिने वैद्यकीय सल्ला द्यायचा नाही. स्वतः या सगळ्यातून गेलेली असली तरीही. मालवणच्या वहिनीने हे नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का स्वतः खाली गेल्या. "वर चल," एवढंच म्हणाल्या. "काय कर म्हणणार न्हाई. माझं सांगते. न पटलं तर उठून जा."

गॅलरीत बसल्यावर आक्कांनी पुन्हा पुरचुंडी काढली आणि तिच्या हातात दिली.

"हिचं एक सांगायचं राह्यलं. श्रावणात माहेराहून येताना यष्टीत पार भिजले. घरी पाव्हणं, बदलायला सवड झाली न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाताना काढून बघते तर मोहरीला मोड आलेले." बायका हसून हसून लोटपोट झाल्या. आक्काही हसल्या, मग थांबल्या. "आता खरं सांगते. पहिलं वरीस मी मोरीत दिवा न लावता आंघोळ केली. आमच्या मालकांनी अजून बघितलं न्हाई. सहा वर्षं झाली. त्येंनी मागितलं न्हाई, मी दाखवलं न्हाई. एका बाजूला वजन म्हणून हा खांदा रातभर ठणकतो. पण तवा सोयाबीन काढायला आलं हुतं, मला महिनाभर खाटेवर पडून जमणार नव्हतं. आज कुणी फुकट करून देतो म्हणलं तरी मी नगंच म्हणीन."

संगमनेर बराच वेळ गप्प होती. मग तिने साडीचा पदर बाजूला केला आणि ओटीपोटावरची रेघ दाखवली, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत.

"हे मी कोणाला दाखवत नाही. दिवसभर ऑपरेशन चाललं. पहिली रात्र दर तासाला नर्स यायची, नव्या छातीचा रंग बघायची, बोट लावून ऊब बघायची. रक्त पोचलं नाही तर सगळं काढावं लागतं म्हणे. दोन आठवडे मी कमरेत वाकून चालत होते, म्हातारीसारखी. आणि तिथे मला काही कळत नाही. मुलगा झोपेत डोकं ठेवतो, मला कळत नाही. एकदा गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, फोड आला तेव्हा समजलं. मध्ये एका कडेला गाठीसारखं लागलं. आठ दिवस मी जेवले नाही. तपासलं तर नुसती चरबी कडक झालेली. मी तुला म्हटलं ना, कोणी ओळखत नाही? नाही ओळखत. काउंटरवर लोक माझ्या तोंडाकडे बघून बोलतात. मला तेवढं हवं होतं. मी परत करीन."

नाशिकने दोघींकडे पाहिलं. "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासारखं केलं नसतंस ना," संगमनेर म्हणाली.

त्या दिवसापासून प्रश्नांची जात बदलली. नाशिकने आक्कांची वही घेतली आणि मागच्या पानावर लिहायला लागली. पोटावर मांस नसेल तर पाठीचं घेतात का? मग मशीनवर उभं राहून काम करताना खांद्याची ताकद कमी पडेल का? सिलिकॉन बसवलं आणि नंतर शेक दिले तर काय होतं? हा प्रश्न मालवणच्या वहिनीने सुचवला. शेकांनी आपल्याच कातडीचं काय झालंय ते ती रोज बघत होती. आणि शेवटचा प्रश्न, जो आक्कांना किंवा संगमनेरला कधी पडलाच नव्हता: आत्ता नाही केलं, तर नंतर करता येतं का?

तारखेला ती वही घेऊन गेली. प्लास्टिक सर्जन बाईंनी एकेक प्रश्नाला उत्तर दिलं. पाठीचं घेता येतं, खांद्याला थोडा फरक पडतो, बहुतेकींना सवय होते. सिलिकॉनभोवती शेकांनंतर आवरण कडक होऊन आकार बिघडण्याची शक्यता वाढते. आणि हो, नंतर करता येतं. शेक संपल्यावर कातडी सावरायला काही महिने द्यायचे, मग कधीही. वर्षानंतर, पाच वर्षांनंतरही बायका येतात.

परत आल्यावर तिने गॅलरीत जाहीर केलं, "आत्ता नाही." आक्कांचा चेहरा क्षणभर फुलला. मग त्यांनी तो आवरला. संगमनेरने "बरं" म्हटलं आणि विचारलं, "बाटलीची पिशवी कोणत्या रंगाची शिवायची?"

जुलैत ऑपरेशन झालं. ड्रेसिंग पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिला बघवेना. आक्का खाटेशी उभ्या होत्या. "बघ" म्हणाल्या नाहीत, "नको बघू" म्हणाल्या नाहीत. नळी पंधराव्या दिवशी निघाली. व्यायामाला संगमनेरने घरून दोरी पाठवली, दाराच्या कडीवरून टाकून एका हाताने दुसरा हात वर ओढायला. नाशिकची पहिली रेघ भिंतीवर वाशिमच्या खाली होती. शेक संपेपर्यंत ती जालन्याच्या वर गेली.

आक्कांनी गावी गेल्यावर मालकांना दाखवलं की नाही, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नाशिक पुन्हा कामावर जाते. दर तीन महिन्यांनी तपासणीला येते, एक रात्र धर्मशाळेत राहते. गेल्या खेपेला भुसावळची एक नवी बाई तोच प्रश्न घेऊन गॅलरीत आली, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" नाशिकने तिला आधी वहीचं मागचं पान उतरवून घ्यायला लावलं, मग आपला ब्लाउज सैल करून सपाट बाजू दाखवली, मग संगमनेरचा फोन नंबर दिला आणि तिच्याशीही बोल म्हणाली. स्वतःचं रिकन्स्ट्रक्शन करायचं की नाही, हे नाशिकने अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरांनी मुदत घातलेली नाही.