‘पानी’ ऐकून हसू का येतं?

‘जग सुंदर आहे’ आणि ‘तू मनासारखं जग’ ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा. अक्षर एकच, पण ‘ज’ दोन. हा फरक आपल्याला कुणी शिकवला नाही, तरी आपण चुकत नाही. आता इंग्रजीत बनियनला म्हणतात तो ‘वेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’ म्हणून पाहा. इंग्रजांना हे दोन शब्द स्पष्ट वेगळे ऐकू येतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे मात्र दोन्हींसाठी एकच ‘व’ असतो.

याचा हुशारीशी संबंध नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ओळखत होती. १० ते १२ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता येत नव्हता. ज्या फरकाने घरच्या भाषेत अर्थ बदलतो, तेवढा कान जपतो. बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

खानदेश-विदर्भात अनेक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. तिथल्या मुलाची जीभ अडखळलेली नसते. ती आपल्या बोलीच्या नियमाने अगदी बरोबर चाललेली असते. तरी कॉलेजात, मुलाखतीत कुणीतरी हसतंच.

मला खटकतं ते हे, की हसणाऱ्याला अर्थ आधीच कळलेला असतो. ‘पानी द्या’ म्हटल्यावर कुणी चहा आणून देत नाही. म्हणजे ते हसू न समजल्याचं नसतं. समोरचा कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा असेल, याचा अंदाज बांधल्याचं असतं.

‘सराव केला तर जमतं की,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकायला जपानी प्रौढसुद्धा सरावाने शिकतात, पण त्याला बरेच कष्ट पडतात. ज्याला प्रमाण उच्चार हवा, त्याला तो जरूर शिकवावा. प्रश्न असा, की सगळे कष्ट बोलणाऱ्यानेच का करायचे? त्याच्या जिभेसारखाच आपला कानही घरात घडलेला आहे. ‘न’ ऐकून न हसण्याचा सराव त्यालाही देता येईल, आणि तो ‘ण’ शिकण्याइतका अवघड नाही.