कोयता की मनुष्य?

मनुष्याच्या जीवितास काही हेतू व दिशा असावी, असे आपण उपासनेत वारंवार ऐकतो, आणि उदाहरणादाखल थोरांची नावे घेतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी दीर्घ शोधानंतर १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला व आपले काव्य प्रभूच्या चरणी वाहिले. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे निराधार स्त्रियांस आश्रय दिला. परंतु आपला मार्ग निवडण्याची काही तरी मोकळीक या थोर जनांस होती. ज्यास ती मुळीच नाही, त्याने कोणती दिशा शोधावी? आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

दसरा-दिवाळी झाली म्हणजे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. कोणत्या फडावर जावे व केव्हा परतावे, हे त्यांच्या हाती नसते. पतिपत्नी मिळून 'एक कोयता' अशी त्यांची गणना होते. हत्याराचे नाव माणसास पडले! खाडा होऊन दंड भरावा लागू नये, म्हणून कित्येक भगिनींनी गर्भाशय काढून घेतल्याचे २०१९ साली उघडकीस आले. माणसास हत्यार म्हणून मोजू लागल्यावर त्याचा शेवट असा होतो.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ पाहा. अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्यास बादशहा क्लौद्य याच्या हुकुमाने रोम सोडावे लागले. करिंथास येऊन ती दोघे राहुट्या करून पोट भरीत. ही वाट त्यांनी निवडली नव्हती. तरी त्याच कष्टाच्या जागी पौल त्यांच्यापाशी राहिला. पुढे इफिसात त्यांनीच अपुल्लोस या विद्वान वक्त्यास देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि त्यांच्या घरी मंडळी जमू लागली. यावरून दिसते की वाट निराळी व दिशा निराळी. वाट दुसरा कोणी ठरवू शकेल. परंतु आपण कोणाच्या मागे चालतो, हे कोणताही बादशहा ठरवू शकत नाही. शिवाय शास्त्र त्या दोघांस एक नग म्हणून मोजीत नाही. ते दोघांचीही नावे सांगते, आणि कित्येक ठिकाणी पत्नीचे नाव आधी घेते.

कोणी म्हणेल, "हे तर गरिबास गप्प बसविण्याचे औषध झाले." नव्हे, बंधुजनहो! देव ज्यास नावाने हाक मारतो, त्यास हत्याराप्रमाणे वापरणे हे पाप होय, आणि ते पाहून मौन धरणे हेही पापच. प्रभूचे असणे व शेजाऱ्यास प्रभूचा मानणे, हाच ख्रिस्ती मनुष्याच्या जीविताचा हेतू आहे.

म्हणून मंडळीने काय करावे? लिहिता येणाऱ्याने शेजाऱ्याच्या उचलीचा हिशेब लिहून द्यावा. गावी राहणाऱ्यांनी जाणाऱ्यांची लेकरे आपल्या घरी ठेवून शाळेत पाठवावी. फडावर एखादी भगिनी आजारी पडली, तर इतरांनी तिच्या वाट्याच्या मोळ्या वाहाव्या. सायंकाळी कोपीपुढे दोन कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी, व त्या प्रार्थनेत एकमेकांची नावे घ्यावी.

प्रभूपुढे कोणीही कोयता नाही, हे आपल्या वागण्यावरून जगास दिसो.